फुली नसलेलं रिंगण

मामा, तुमच्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पन्नासएक वर्षं होत आली त्या गोष्टीला, आणि तुम्हाला जाऊनही चाळीस वर्षं होतील. एवढ्या काळात लोक सख्ख्या भावांची भांडणं विसरतात. मी नाही विसरले. मधूनमधून चाचपून बघते, तर राग आपला जागेवर असतो. म्हटलं, आता लिहूनच काढावं. माझं अक्षर तुम्हाला ओळखू येणार नाही, कारण तुमच्या हाताखाली होते तेव्हा मला सही सोडून फारसं काही यायचं नाही. पुढं मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. तिथल्या एका मॅडमनी रोज डबा खाऊन झाला की मला शेजारी बसवलं आणि लिहायला शिकवलं. म्हणजे तुमच्यानंतर मला आणखी एक गुरू मिळाला. त्या बाईनं मला चारचौघांत कधी अडाणी म्हटलं नाही.

आजच का लिहायला बसले, तर परवा नातवानं गाडी ओसरीत लावली आणि खाली शहाबादी फरशीवर पेट्रोलचा वाटीएवढा डाग पडला. मी गुडघे धरत उठले आणि चिंधी घेऊन खाली वाकले, तर तो म्हणतो, उडून जातंय की आजी, कशाला वाकतीस. मी त्याला असं काही फाडून बोलले की बिचारा चहा न घेताच बाहेर गेला. नंतर माझं मलाच कळेना, एवढ्याशा गोष्टीला एवढं काय झालं. रात्री सुनेनं विचारलं, तर तिला म्हणाले, वयानं डोकं फिरतंय. खरं कारण तुम्ही आहात.

तुम्हाला आठवत असेल, मी पहिल्या दिवशी आले ती खिळ्यांच्या वहाणा घालून. आम्ही माळशिरसकडची मेंढरं राखणारी माणसं. दुष्काळात निम्मी मेंढरं गेली, उरलेली विकून नवरा सोलापूरला गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि त्याच्या मागून मी आले. शेजारणीनं सांगितलं, विमानतळावर झाडायला बाई पाहिजे. मला वाटलं केवढं काय असेल. जाऊन बघते तर उघड्या माळावर एक धावपट्टी, एक पत्र्याचं छप्पर, ज्याला सगळे हँगर म्हणायचे, आणि त्याखाली एकच पिवळं विमान, एका माणसानं बसायचं, उसावर औषध फवारायचं. तुम्ही त्याचे फोरमन, सगळे तुम्हाला मामा म्हणायचे. लष्करात इंजिनं शिकून आलेले, घरात सगळे मागावर बसणारे, आणि तुमचे हात मात्र कोपरापर्यंत काळे. मी आत पाऊल टाकलं तसं तुम्ही लांबूनच ओरडलात, वहाणा काढ. मला वाटलं, देवळासारखं असेल काहीतरी. मग कळलं, खिळा कोब्यावर घासला आणि ठिणगी पडली तर आपण सगळे छपरासकट वर जाऊ. त्या दिवसापासून मी तिथं अनवाणी. पेट्रोलनं पायांना अशा भेगा पडल्या की अजून हिवाळ्यात दुखतात.

आणि त्याच दिवशी मी दुसरा घोळ घातला. विमानाच्या पोटाखाली लाल डाग होता, मी त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि खराट्यानं पसरवलं. माझ्या आधीच्या दोन बायांनीही तेच केलं होतं म्हणे. तुम्ही कपाळाला हात लावलात. पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि ताटाएवढा डाग खोलीभर होतो, हे मला कोण सांगणार होतं? मग तुम्ही स्वतः गुडघ्यावर बसलात आणि करून दाखवलंत. वखारीतला कोरडा लाकडी भुसा, तो आधी डागाच्या कडेनं टाकायचा, मग आत आत येत मध्यावर. घटकाभर पिऊ द्यायचा. मग पत्र्याच्या नव्हे, लाकडी फळीनं गोळा करायचा. उरलेल्या ओलीवर गिरणीतलं वाया गेलेलं सूत दाबायचं, आणि शेवटी धुण्याचा सोडा टाकून काथ्याच्या ब्रशनं घासायचं. तारेचा ब्रश हातात दिसला तर हात मोडून ठेवीन, असं म्हणाला होतात.

पण खरं शिकवलंत ते वेगळंच. ते तुम्ही कुणाला शिकवत नव्हता, मलाच का शिकवलंत कोण जाणे. विमानाच्या पेट्रोलात मुद्दाम रंग घातलेला असतो. आमच्याकडं लाल यायचं. पेट्रोल उडून गेलं तरी त्याची गुलाबी कड कोब्यावर राहते. काळा डाग इंजिनच्या तेलाचा, तांबूस चिकट डाग ब्रेकच्या तेलाचा, आणि पांढरट, नाकात जाणारा तो उसावरच्या औषधाचा. विमान तोंडानं बोलत न्हाय, जमिनीवर लिहून ठेवतंय, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तुमचा नियम होता. सकाळी आल्याआल्या मी प्रत्येक नव्या डागाभोवती खडूनं रिंगण घालायचं. तुम्ही येऊन वाकून बघायचं, वास घ्यायचा, वर कुठून गळलं ते शोधायचं, आणि मग रिंगणात फुली मारायची. फुली दिसल्याशिवाय मी डागाला हात लावायचा नाही. लिहिता न येणाऱ्या बाईला तुम्ही खडू दिलात, मामा. मी तो कमरेला पिशवीत बांधून हिंडायची.

शेगडीचं प्रकरण आठवतं का? आमच्या खोलीत भुशाची शेगडी होती. मला वाटलं, हँगरातला वापरलेला भुसा फुकट पुरून टाकतात, तो वाळवून घरी न्यावा. दोन दिवस उन्हात टाकला, वास गेला असं वाटलं, आणि शेगडीत ठासून भरला. काडी लावली तशी भप्पकन ज्वाळ छताला गेली. माझ्या भुवया गेल्या, पदर पेटला, नवऱ्यानं घोंगडं टाकून विझवलं. दुसऱ्या दिवशी बिनभुवयांचं तोंड घेऊन कामावर आले तेव्हा बाकीचे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला इतकं बोललात की मी पत्र्याआड जाऊन रडले. घरात लेकरू असतं तर काय केलं असतंस, असं विचारलंत. आणि त्याच संध्याकाळी सायकलीला पोतं बांधून तुम्ही आमच्या गल्लीत आलात. पोत्यात वखारीतला स्वच्छ भुसा होता. दारातच उतरवलात, पाणीसुद्धा न घेता गेलात. पुढं दर महिन्याला एक पोतं यायचं. माझा नवरा म्हणायचा, तुझ्या बापानंबी एवढं केलं न्हाय. खरंच होतं ते.

दीड-दोन वर्षं अशी गेली. एका सकाळी मी चाकाजवळ रुपयाएवढं रिंगण घातलं होतं. पायलटसाहेब घाईत होते. ते तसे चांगले, कोवळे, मला ताई म्हणायचे. ते म्हणाले, एवढ्याशा डागासाठी काय थांबायचं. तुम्ही म्हणालात, तिनं रिंगण घातलंय म्हणजे काहीतरी हाय, आज विमान उडणार न्हाय. आणि खरंच एका नळीला केसाएवढी चीर सापडली. तो दिवस मी पदरात बांधून घरी नेला. माझ्या बोलण्यावरून तोपर्यंत कुणी मेंढरूसुद्धा थांबवलं नव्हतं, आणि तिथं विमान थांबलं होतं.

आता मंगळवारची गोष्ट. त्या दिवशी मुंबईहून कंपनीचे साहेब आणि अकलूजच्या बाजूचे साखर कारखान्याचे लोक विमान बघायला येणार होते. त्या हंगामाचं फवारणीचं काम मिळतं की जातं, ते त्या दिवसावर होतं. मी सकाळी आले तर पोटाखाली लाल डाग, चांगला परातीएवढा, मध्ये अजून ओला. मी रिंगण घातलं आणि तुमची वाट बघत बसले. पायलटसाहेब येऊन बघून गेले, म्हणाले, फोरमनना दाखव. तुम्ही आलात, वाकलात, वर हात घातलात. पेट्रोल खाली सोडायच्या कॉकचं वायसर गेलं होतं. नवं मुंबईहून यायला आठ दिवस लागणार, हे तुम्ही स्वतःशीच पुटपुटलात. मग खिशातून कपड्याच्या साबणाची वडी काढलीत आणि कॉकच्या सांध्यावर घासघासून बसवलीत. पेट्रोलात साबण विरघळत नाही, गळती धरतो, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. पण तो घरी पोचेपर्यंतचा उपाय, असंही सांगितलं होतं.

मग मला म्हणालात, "पूस."

मी म्हटलं, फुली?

"पूस म्हटलं की."

मी म्हटलं, "मामा, हे ताजं हाय. वायसर येस्तवर उडवू नका म्हणावं साहेबांला."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू मी तुमच्या खिशात हात घातला होता. "तुझं काम पुसायचं. बघायचं काम माझं. उगं शानपत्ती करू नको."

मी पुसलं. रिंगणसुद्धा ओल्या फडक्यानं पुसलं. साहेबलोक आले, चकचकीत कोबा बघून खूश झाले, चहा घेतला, विमानाच्या पंखावर हात फिरवून फोटो काढून घेतले. कुणीतरी म्हणालं, किती स्वच्छता आहे. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, विमान माळशिरसकडं उसावर फवारायला गेलं. तासाभरात फोन आला. फवारताना कॉकमधून पेट्रोल गळून गेलं, इंजिनाला पोचेना, इंजिन बंद पडलं, आणि पायलटसाहेबांनी ते कसंबसं नांगरलेल्या काळ्या रानात उतरवलं. नाक जमिनीत गेलं. आग लागली नाही एवढी देवाची कृपा. त्यांचा डावा पाय मांडीत मोडला. पुढं ते कायम काठी घेऊन चालले, आणि विमान काही परत चालवू शकले नाहीत, असं कानावर आलं. त्या दिवशी तुम्ही हँगरच्या दारात उकिडवे बसला होतात आणि दोन्ही हात डोक्यावर. मला तुमची दया आली, मामा. खरं सांगते, पायलटसाहेबांच्या आधी मला तुमची दया आली.

पाच-सहा दिवसांनी चौकशीला तिघं आले. हँगरातच टेबल मांडलं. पायलटसाहेबांनी दवाखान्यातून लिहून दिलं होतं की मंगळवारी सकाळी पोटाखाली मोठा लाल डाग त्यांनी बघितला होता, बाईला फोरमनना दाखवायला सांगितलं होतं, नंतर तो दिसला नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. त्यांनी तुम्हाला विचारलं, मंगळवारचा डाग तुम्ही तपासलात का? मला वाटलं, आता तुम्ही सांगाल. साबणाचं सांगाल, साहेब येणार होते ते सांगाल. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, कारण तुम्ही म्हणजे फुली मारणारा माणूस.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "मला दाखवलाच नाही. बाई अडाणी आहे. शंभरदा सांगितलंय, तरी न दाखवता पुसून टाकते."

त्यांच्याशी तुम्ही शुद्ध बोललात. आमच्याशी बोलायचात तसं नाही. मला ते शब्द आधी माझ्याबद्दल वाटलेच नाहीत. मग एका साहेबानं मला पुढं बोलावलं आणि विचारलं, डाग तू पुसलास का? मी म्हटलं, व्हय. न दाखवता पुसलास? मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही टेबलावरच्या कागदाकडं बघत होतात, आणि तुमचा उजवा अंगठा बोटांवर फिरत होता, तेल पुसताना फिरतो तसा. मी मान हलवली. त्यांनी लिहून घेतलं. संपलं सगळं, भाजी निवडायलासुद्धा जास्त वेळ लागतो.

दुसऱ्या दिवसापासून मला येऊ नको म्हणाले. आमच्या गल्लीत बातमी माझ्या आधी पोचली होती. नळावर बाया म्हणायच्या, हिनंच विमान पाडलं. पोरं माझ्यामागं हात पसरून विमानासारखी पळायची. वर्षभर मला कुठं काम मिळालं नाही, कारण विचारलं की आधी कुठं होतीस, आणि सांगितलं की तोंडं बदलायची. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तो तुमच्या घरी यायला निघाला होता, मीच उंबऱ्यात आडवी झाले. आणि एक सांगू? नोकरी गेल्याचं मला एवढं लागलं नाही. अडाणी म्हणालात त्याचंही नाही, मी होतेच. तुम्ही चौकशीच्या आदल्या दिवशी सायकलीवरून गल्लीत आला असतात, आणि म्हणाला असतात की पोरी, माझी निवृत्ती जवळ आलीय, माझं लायसन जाईल, एवढं तुझ्या अंगावर घे, तर मी घेतलं असतं. हसत घेतलं असतं. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत. मला न विचारता माझ्या डोक्यावर खापर फोडलंत आणि हात झटकून मोकळे झालात. माझं नाव तुम्हीच घडवलं होतं, म्हणून ते मोडायचाही हक्क तुमचाच, असं वाटलं का तुम्हाला? एवढं तरी कधी सांगायचं होतं.

एकदा सांगायला आला होतात, तेही मला आठवतं. सात-आठ वर्षांनी, नवी पेठेत. मी लेकीसाठी परकराचं कापड घेत होते. तुम्ही केवढे वाळला होतात, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर. मला बघून आधी मागं फिरलात, मग परत आलात. म्हणालात, "पोरी, त्या दिवशी मी खोटं बोललो. तुझ्यावर घातलं. तेव्हापासनं झोप न्हाय मला." गर्दी ढकलत होती, कापडवाला आमच्याकडं बघत होता, आणि तुमचे डोळे भरले होते. मी म्हटलं, मामा, मला घाई हाय. आणि पिशवी उचलून निघाले. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही ओळखीच्या माणसाबरोबर निरोप पाठवत राहिलात, एकदा भेट म्हणून. मी गेले नाही. तुम्ही गेलात तेव्हाही आले नाही.

हे इथवर सगळं मी शंभरदा सांगितलेलं आहे. नवऱ्याला, लेकीला, मॅडमना. सगळ्यांनी तुम्हाला नावं ठेवली आणि मी ठेवू दिली. आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून हा कागद कुठं जाणार नाही. सून चूल पेटवत नाही आता, नाहीतर चुलीत गेला असता. फाडून टाकीन.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आले. विमानाच्या पोटाखाली लाल डाग होता. साबणानं रात्रभर धरलं नव्हतं. आदल्या दिवशीपेक्षा लहान होता, पण ताजा होता, वरून बऱ्याच वेळानं एकेक थेंब अजून पडत होता. माझ्या कमरेला खडू होता. मी त्या डागाकडं बघत उभी राहिले, आणि मला तुमचं बोलणं आठवलं, तुझं काम पुसायचं. रात्रभर ते माझ्या डोक्यात घण मारत होतं. मी म्हटलं, बरं तर. भुसा आणला, कडेनं टाकला, आत आत आले, सोडा टाकून घासलं, दोन्ही दारं उघडून वास घालवला, शेवटी सांध्याला लोंबणारा थेंबही सुतानं टिपला. रिंगण घातलं नाही. तुम्ही आलात, वाकून कोब्यावर हात फिरवलात, तो कोरडा होता. तुमच्या चेहऱ्यावर जीव भांड्यात पडल्यासारखं हसू आलं, आणि म्हणालात, "धरलं की गं साबणानं." मी खराटा मारत राहिले. मग तुम्ही पायलटसाहेबांना जा म्हणालात.

रिंगण दिसलं असतं तर तुम्ही विमान थांबवलं असतं की परत पूस म्हणाला असतात, हे मला माहीत नाही. पण चौकशीत तुम्ही जे खोटं म्हणून बोललात ते खरं होतं, मामा, फक्त एका दिवसाच्या फरकानं. मी न दाखवता पुसलं होतं. म्हणून मी मान हलवली. तुमच्यासाठी नाही हलवली. आणि नवी पेठेत तुम्ही माझ्यासमोर उभे राहून रडकुंडीला आलात, तेव्हा हे एक वाक्य मी बोलले असते तर तुमच्या डोक्यावरचं निम्मं ओझं तिथंच उतरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. घाई मला कसलीच नव्हती. तुम्ही तळमळत होता ते मला दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं.